कंबरदुखी आणि नव्या अॅक्युपंक्चर उपचारक
लोकलच्या रोजच्या उभ्या प्रवासाने बळावलेल्या कंबरदुखीसाठी मी पूर्वीही अॅक्युपंक्चर घेतले होते. ते उपचारक ठाणे सोडून गेल्यामुळे आता नौपाड्यातील एका नव्या बाईंकडे जाऊ लागले आहे. महाराष्ट्रात या उपचारासाठी स्वतंत्र कायदा आणि परिषद असल्याने त्यांची नोंदणी आधी पाहून घेतली.

सुई हाती घेण्यापूर्वी त्यांनी बराच वेळ विचारपूस केली: वेदना पायात उतरते का, मुंग्या येतात का, लघवीवर ताबा आहे ना, रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत का. मग कमरेच्या दुसऱ्या मणक्याच्या दोन्ही बाजूंना आणि गुडघ्यांमागील वळीच्या मध्यभागी, माझ्यासमोर पाकिटातून काढलेल्या, एकदाच वापरायच्या सुया त्यांनी टोचल्या. टोचणे जेमतेम जाणवते. जाणवतो तो नंतर आत पसरणारा जडपणा, ज्याला चिनी परंपरेत ‘दे ची’ म्हणतात आणि ज्याबद्दल त्या प्रत्येक सुईला विचारत होत्या.

अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत जुनाट कंबरदुखीसाठी हा उपचार सुचवला आहे, तर ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१६ मध्ये तो देऊ नये असे म्हटले. असे मतभेद असताना, व्यायाम मुळीच थांबवू नका, हे बाईंनी आपणहून बजावले, याचे मला फार मोल वाटते. वाकताना होणारा ताण आता कमी आहे. पायातली कळ मात्र तशीच असल्याने तिच्यासाठी अस्थिरोगतज्ज्ञांची वेळ घेतली आहे.