तुमच्याकडे कामाला बाई येते का?

'निकल अँड डाइम्ड' नावाचं जोन होल्डनचं इंग्रजी नाटक आहे, 2002 साली सिअ‍ॅटलच्या इंटिमन थिएटरात पहिल्यांदा झालं. आमच्या इथल्या कॉलेजच्या पोरांनी बसवलंय कळल्यावर शनिवारी जाऊन बघून आलो. मूळ पुस्तक बार्बरा एरनराइक या पत्रकार बाईंचं. 1998 पासून या बाई आपलं शिक्षण लपवून फ्लोरिडात वेट्रेस, मेन राज्यात घरसफाई, मिनेसोटात मोठ्या दुकानात कपड्यांच्या घड्या, अशी कामं करत फिरल्या, कशासाठी तर या पगारात खाऊनपिऊन घरभाडं निघतं का ते बघायला. नाही निघत. आता यात नाटक ते काय असं मलाही वाटलेलं.

पण नाटक आहे ते हिशोबात. सोबतची एक वेट्रेस मोटेलमध्ये रोजच्या रोज पैसे भरून राहते, आपल्याला वाटतं अगं बाई एवढ्यात तर महिन्याची खोली येईल की, तर डिपॉझिट आणि पहिल्या महिन्याचं भाडं एकरकमी आणायचं कुठून? म्हणून जास्त पैसे मोजून वाईट जागेत राहायचं, तिथे चूल नाही म्हणून बाहेरचं खायचं, म्हणून परत शिल्लक शून्य. आपल्याकडे रोज पाऊचमधलं तेल घेणाऱ्याला डबा कधीच परवडत नाही, तसंच.

घरसफाईचा भाग तर जबरी. पुस्तकातला आकडा सांगतो, कंपनी गिऱ्हाइकाकडून माणशी तासाला 25 डॉलर घेते आणि बाईच्या हातावर 6.65 ठेवते. पाठीवर व्हॅक्यूम बांधून, गुडघ्यांवर बसून फरशी पुसायची. एकीचा पाय मुरगळतो तरी ती लंगडत बाथरूम घासत राहते, घरी जा म्हटलं तर तिलाच राग येतो, कारण आजचा रोज बुडला तर भरणार कोण.

आणि मग मध्येच नट लोक भूमिका सोडून सरळ प्रेक्षकांनाच विचारायला लागतात, तुमच्यापैकी किती जणांकडे सफाईला बाई येते, काय देता? इथे लोक जाम अवघडले, निम्मे हात खांद्यापर्यंतच वर. मी मनात म्हटलं, हे पार्ल्यात करून बघा, अख्खं थिएटर हात वर करेल आणि वर सांगेल की अहो आमच्या मावशी घरच्यासारख्याच आहेत, दिवाळीला साडी देतो ना. रविवारची सुट्टी देता का विचारलं की मग बघा कशी शांतता पसरते ते!

पहिला अंक थोडा रेंगाळतो, बार्बराची स्वगतं कापली तरी चालतील. बायको म्हणाली, ही बाई कधीही घरी परत जाऊ शकते, मग तिचं कसलं कौतुक? मुद्दा बरोबर आहे, पण बार्बरा स्वतःही तो लपवत नाही.

बाकी विषय शिळा वगैरे अजिबात झालेला नाही. तेव्हा अमेरिकेतलं किमान वेतन तासाला 5.15 डॉलर होतं, 2009 ला 7.25 झालं ते फेडरल लेव्हलला अजून तिथेच. काही राज्यांनी आपलं वाढवलंय ते वेगळं. वेट्रेसचं काम करणारी मुलगी ट्रे एवढ्या सफाईने फिरवत होती की नंतर न राहवून विचारलं, तर म्हणाली वीकेंडला तेच करते, उद्या सकाळची शिफ्ट आहे.