जुन्या डिझेल फोर-व्हील ड्राइव्ह गाडीची दुरुस्ती : माझा अनुभव

राजापूर तालुक्यात सड्यावर आमची आंबा-काजूची बाग आहे. तिथे जाणाऱ्या वाटेचा शेवटचा टप्पा आधी जांभ्याच्या कातळावरून आणि मग लाल मातीच्या उभ्या चढणीवरून जातो. उन्हाळ्यात या वाटेने कोणतीही गाडी जाते. पण पावसाळ्यात, म्हणजे कलमांना खत घालायच्या आणि पुढे बेणणीच्या नेमक्या दिवसांत, साध्या गाडीची मागची चाके चिखलात जागच्या जागी फिरत राहतात. या गरजेपोटी मी २००९ सालची एक डिझेल फोर-व्हील ड्राइव्ह गाडी वापरलेली म्हणून विकत घेतली. चार सिलिंडरचे कॉमन रेल इंजिन (ज्यात सगळ्या सिलिंडरांचे डिझेल ‘रेल’ नावाच्या एकाच नळीत दाबाखाली ठेवलेले असते) आणि टू-व्हील, फोर-हाय (चारही चाके, नेहमीचे गिअर) व फोर-लो (चारही चाके, वेग कमी पण ओढ जास्त) निवडण्यासाठी डॅशबोर्डवर फिरवायचे बटण, अशी तिची रचना आहे. गाडीच्या कंपनीचे नाव इथे लिहीत नाही, कारण पुढे सांगितलेले बिघाड अशा रचनेच्या कोणत्याही जुन्या गाडीत होऊ शकतात आणि ते शोधण्याची रीतही सगळीकडे सारखीच आहे.

गाडीने दोन तक्रारी दाखवायला सुरुवात केली. ओणी-पाचलमार्गे अणुस्कुरा घाट चढताना, गाडीत वजन असले की तिसऱ्या गिअरमध्ये अचानक ओढ जायची, इंजिनचा पिवळा दिवा लागायचा आणि पाय कितीही दाबला तरी फेरे वाढायचे नाहीत. दुसरी तक्रार वेगळ्याच वेळी यायची. सकाळी थंड इंजिन पहिल्या सेल्फला सुरू व्हायचे. पण लांबचा पल्ला करून गाडी चहापुरती थांबवली की परत सुरू होताना सेल्फ नुसता फिरत राहायचा. इंजिन निवले, की पुन्हा काहीच घडले नसल्यासारखी गाडी सुरू.

एका सेवा केंद्रात स्कॅनर लावल्यावर ‘रेलमधील दाब कमी’ असा कोड मिळाला आणि त्यावरून हाय-प्रेशर पंप व चारही इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) नवे घालण्याचे अंदाजपत्रक माझ्या हातात आले. रक्कम लाखाच्या पुढे होती. पैशांपेक्षाही मला खटकले ते त्यामागचे तर्कशास्त्र. दाब कमी पडला एवढेच कोड सांगत होता. तो कुठे आणि कशामुळे कमी पडला, हे त्यातून कळत नव्हते. टाकीपासून इंजेक्टरपर्यंतच्या मार्गात दाब घालवणारी निदान पाच-सहा ठिकाणे असतात आणि त्यांतले एकही मोजून पाहिलेले नव्हते. मी गाडी परत आणली आणि डिझेलच्या कामात मुरलेल्या एका मेस्त्रींकडे नेली. त्यांचे पहिलेच वाक्य मला पटले : “भाऊ, आधी स्वस्तातलं तपासू. पंपाचं नाव शेवटी घ्यायचं.”

कॉमन रेल इंजिनात डिझेलचा प्रवास थोडक्यात असा असतो. टाकीतल्या जाळीतून डिझेल ओढले जाते, फिल्टरमधून गाळून पंपाकडे येते, तिथे मीटरिंग व्हॉल्व्ह गरजेपुरतेच डिझेल आत सोडतो, पंप ते दाबून रेलमध्ये भरतो आणि रेलमधून ते इंजेक्टरांना मिळते. इंजेक्टरने न वापरलेले डिझेल रिटर्न नळीने टाकीकडे परत जाते. या पिढीच्या इंजिनांत पूर्ण भाराखाली रेलमधला दाब सुमारे १६०० बारपर्यंत जातो. गाडीच्या टायरमधली हवा साधारण दोन-सव्वादोन बारची असते, हे लक्षात घेतले म्हणजे इतक्या दाबाला किंचितशी झीजही किती मोठी वाट ठरते ते समजते. इंजिन सुरू होतानासुद्धा रेलमध्ये साधारण २०० बार दाब तयार झाल्याशिवाय गाडीतला संगणक इंजेक्टर उघडायला लावत नाही.

मेस्त्रींनी सुरुवात केली ती फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये पारदर्शक नळीचा एक तुकडा बसवून. इंजिन नुसते चालू असताना नळीत डिझेल स्वच्छ, अखंड दिसत होते. फेरे वाढवताच मात्र मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक पंपाकडे धावू लागले. गाडी हवा घेत होती. आमच्या गाडीत टाकीच्या आत विद्युत पंप नाही, इंजिनवरचा पंपच डिझेल ओढून घेतो. त्यामुळे या बाजूला फट पडली तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट बाहेरची हवा आत जाते, आणि म्हणूनच कितीही वाकून पाहिले तरी ओला डाग कुठे सापडत नाही. फिल्टरच्या डोक्यावरच्या हातपंपाखालची रबरी रिंग उन्हाने आणि वयाने कडक झाली होती. ती बदलल्यावर बुडबुडे थांबले.

पण तेवढ्यावर थांबायचे नाही असे आमचे ठरले होते. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून खालचे डिझेल काचेच्या बाटलीत घेतले आणि बाटली स्थिर ठेवली. थोड्या वेळाने तळाशी पाण्याचा थर स्पष्ट वेगळा झाला आणि दोन थरांच्या सीमेवर काळपट, बुळबुळीत तंतू तरंगताना दिसले. डिझेल आणि पाणी जिथे एकमेकांना टेकतात तिथे सूक्ष्मजीव वाढतात, त्यांचाच हा चिखल. कोकणातल्या दमट हवेत पावसाळाभर अर्धी रिकामी टाकी घेऊन गाडी उभी राहिली, की टाकीच्या वरच्या भागात दव धरते आणि ते पाणी तळाशी साचत जाते. टाकी खाली उतरवली तेव्हा आतल्या जाळीचा बराच भाग या चिकट थराने लिंपलेला होता. सपाट रस्त्यावर लागणारे थोडे डिझेल त्यातून येत होते. घाटात वजन ओढताना लागणारे येत नव्हते. टाकी धुऊन, पूर्ण वाळवून, नवा फिल्टर घालून गाडी पुन्हा अणुस्कुऱ्याला नेली. तिसऱ्या गिअरमध्ये ती शेवटच्या वळणापर्यंत एका ओढीने चढली आणि दिवा लागला नाही. तेव्हापासून पावसाळ्यात मी टाकी भरलेली ठेवतो आणि फिल्टरखालचे पाणी नियमाने काढतो.

गरम इंजिन सुरू न होण्याची तक्रार मात्र तशीच होती. एकाच कोडमागे दोन वेगळे आजार होते, हे इथे सिद्ध झाले. स्कॅनरवर चालू आकडे लावून गरम इंजिनावर सेल्फ मारला तेव्हा रेलचा दाब १५० बारच्या आसपास घुटमळत होता. थंड असताना तोच दाब झटकन २५० च्या वर जात होता. म्हणजे पंप दाब तयार करू शकत होता, पण गरम असताना तो दाब कुठेतरी निसटत होता.

यानंतर केलेली रिटर्नची चाचणी मी अगदी जवळून पाहिली आणि अशी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाने ती एकदा तरी पाहावी असे मला मनापासून वाटते. चारही इंजेक्टरांच्या डोक्यावरच्या रिटर्न नळ्या काढल्या आणि त्यांच्या जागी चार सारख्या पारदर्शक नळ्या जोडून त्यांची टोके खुणा केलेल्या चार बाटल्यांत सोडली. इंजिन पूर्ण तापवून चालू ठेवले. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या बाटलीत डिझेल थेंबाथेंबाने, जवळजवळ एकाच पातळीने चढत होते. तिसऱ्या बाटलीत मात्र बारीक धारच लागली होती आणि बाकीच्या तीन बाटल्यांचे तळ जेमतेम भरतात तोवर ती निम्म्याच्या वर गेली. चार इंजेक्टरांचे अंदाजपत्रक देणाऱ्यांनी हे पंधरा मिनिटांचे काम केले असते, तर तीन इंजेक्टरांचे नाव कागदावर आलेच नसते.

इंजेक्टरच्या आत दाब अडवणारा एक अत्यंत लहान व्हॉल्व्ह असतो. डिझेलमधल्या पाण्याने आणि बारीक कणांनी त्याची बैठक झिजली, की तो बंद असतानाही डिझेल रिटर्नच्या बाजूला झिरपत राहते. थंड डिझेल दाट असते, त्यामुळे झिरपणे कमी. गरम डिझेल पातळ होते आणि तीच झीज मोठी वाट होऊन बसते. सेल्फवर इंजिन सावकाश फिरत असल्याने पंपाचा पुरवठाही तोकडा असतो, आणि त्या वेळी गळती पुरवठ्याच्या वर गेली की २०० बारचा टप्पा गाठलाच जात नाही. इंजिन एकदा सुरू झाले की पंप वेगाने फिरतो व गळती भरून काढतो, म्हणून चालत्या गाडीत काहीच जाणवत नाही.

तिसरा इंजेक्टर कोल्हापूरला उद्यमनगरात नेला. ऑइल इंजिनांच्या काळापासून या भागात पंप आणि नोझलच्या कामाची परंपरा आहे, आणि कॉमन रेलचे इंजेक्टर तपासणारी यंत्रेही तिथे आहेत. व्हॉल्व्ह आणि नोझल बदलून इंजेक्टर वेगवेगळ्या दाबांवर तपासला आणि फवारणीचे व रिटर्नचे छापील आकडे मला दिले. हे आकडे मागून घ्यावेत. तोंडी ‘झाला ठीक’ यावर समाधान मानू नये. बसवताना दोन गोष्टी मी आवर्जून पाहिल्या. इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशर नवा घातला आणि त्याच्या खोबणीतला काजळीचा थर पूर्ण साफ केला, कारण जुना वॉशर किंवा राहिलेली काजळी यांमुळे सिलिंडरमधला जळता वायू वर येऊन इंजेक्टरच खराब करतो. दुसरी गोष्ट, प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर त्याचा स्वतःचा सांकेतिक क्रमांक असतो. दुरुस्तीनंतर मिळालेला नवा क्रमांक स्कॅनरने गाडीच्या संगणकात भरला. तो भरला नाही तर संगणक जुन्याच हिशेबाने डिझेल सोडतो आणि इंजिन थरथरते किंवा धूर देते. एवढे झाल्यावर गरम इंजिन थंड इंजिनासारखेच तत्काळ सुरू होऊ लागले. पंप मूळचाच आहे आणि आजही काम करतो आहे.

या दोन तक्रारींशिवाय फोर-व्हील ड्राइव्हचाही एक बिघाड होता, तो त्यामानाने लवकर सापडला. बटण फोर-हायवर फिरवले की दिवा लुकलुकत राहायचा आणि पुढची चाके जोडली जायची नाहीत. ट्रान्सफर केसवर (इंजिनची शक्ती पुढच्या आणि मागच्या चाकांकडे वाटणाऱ्या पेटीवर) बसवलेली छोटी विद्युत मोटर हे काम करते. तिच्या जोडणीचा प्लग उघडला तेव्हा पितळी टोकांवर हिरवा गंज चढलेला होता आणि आतले ग्रीस मेणासारखे घट्ट झाले होते. साफसफाई, नवे ग्रीस आणि प्लगवर पाणीरोधक आवरण एवढ्यावर काम भागले. ही यंत्रणा वापराविना पडून राहिली की आखडते, म्हणून गरज नसली तरी महिन्यातून एकदा मी ओल्या मातीवर काही अंतर फोर-हायमध्ये गाडी चालवतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र हे करू नये. या प्रकारच्या गाडीत पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरन्शियल नसतो. वळताना पुढची चाके जास्त अंतर कापतात, तो फरक घसरणाऱ्या मातीत निघून जातो, पण डांबरावर त्याचा सगळा ताण शाफ्ट आणि गिअरांवर येतो.

मागच्या डिफरन्शियलमधून येणारा बारीक गुणगुणाट मला या दुरुस्त्यांच्या काळातच ऐकू येऊ लागला. बूच उघडल्यावर तेल दुधाळ चहाच्या रंगाचे निघाले. म्हणजे आत पाणी गेले होते. बागेच्या वाटेवर एक पऱ्या ओलांडावा लागतो. घाट चढून तापलेले डिफरन्शियलचे हाउसिंग (कवच) थंड पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि श्वासनळीतून (हाउसिंगमधली हवा आत-बाहेर जाण्याच्या बारीक नळीतून), ती बुजलेली असेल तर ऑइल सीलच्या कडेने, पाणी आत खेचले जाते. आमची श्वासनळी चिखलाने पक्की बुजलेली होती. तेल काढून नवे भरले, थोडी गाडी चालवून तेही काढले, कारण पहिल्यांदा सगळे पाणी निघत नाही. मग तिसऱ्यांदा कायमचे तेल भरले. सील बदलले आणि श्वासनळीला लांब रबरी नळी जोडून तिचे तोंड इंजिनच्या कप्प्यात उंचावर बांधले. बेअरिंग वेळेत वाचले. पऱ्याला गुडघ्याच्या वर पाणी असेल तर अलीकडे थांबून हाउसिंग निवू देण्याचा नियम मी तेव्हापासून पाळतो, मग बागेत मजूर वाट पाहत असले तरी.

२०२४ मध्ये गाडीला पंधरा वर्षे पूर्ण झाली. खासगी गाडीची नोंदणी इथे संपते आणि तपासणीनंतर ती पुढच्या पाच वर्षांसाठी नव्याने करून मिळते. एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी याचे शुल्क ५,००० रुपये झाले आहे आणि महाराष्ट्रात त्याशिवाय पर्यावरण कर भरावा लागतो. त्याआधीच्या धूर तपासणीत या पिढीच्या डिझेल गाडीला धुराच्या दाटपणाची २.४५ (प्रति मीटर) ही मर्यादा आहे. आमच्या गाडीचा आकडा त्याच्या निम्म्याहूनही खाली आला. इंजेक्टरची फवारणी बिघडलेली असेल तर हा आकडा सगळ्यांत आधी वाढतो, म्हणून धुराचे प्रमाणपत्र मी नुसते खिडकीला लावण्यापुरते ठेवत नाही, दरवेळचा आकडा इंजेक्टरच्या छापील नोंदीशेजारी लिहून ठेवतो.

सध्या पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या (पुढच्या चाकांकडे शक्ती नेणाऱ्या दांड्याच्या) एका क्रॉसमध्ये, म्हणजे सांध्यात, हाताला जाणवेल इतकी ढिलाई आली आहे. ग्रीस भरून ती गेली नाही. मेस्त्रींनी माप घेतले आहे, सुटा भाग कोल्हापूरहून मागवला आहे आणि तो बसेपर्यंत गाडी फोर-लोमध्ये टाकायची नाही असे ठरले आहे.