आईचा हयातीचा दाखला

बाबा रेल्वेत होते. ते गेल्यापासून आईला कुटुंब निवृत्तीवेतन मिळतं आणि दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. गेल्या वर्षी बँकेतल्या मशीनवर तिचा अंगठा काही उठेना. उजवा झाला, डावा झाला, मग एकेक बोट. ओल्या फडक्याने पुसलं, क्रीम चोळून पाहिलं. अठ्ठ्याहत्तरीची बाई, जन्म राखेने भांडी घासण्यात गेलेला. बोटांवरच्या रेषाच झिजल्यात. मागे रांग वाढत होती. आईने हळूच विचारलं, "माझं काही चुकलंय का रे?" शेवटी कागदावर सही घेऊन काम झालं, पण तिचा तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही.

म्हणून या वर्षी घरीच, चेहऱ्यावरून दाखला काढायचं ठरवलं. जीवन प्रमाण ही ऑनलाइन दाखल्याची सरकारी सोय २०१४ पासून आहे; चेहऱ्याची ओळख त्यात २०२१ मध्ये आली. मोबाइलवर दोन अ‍ॅप घ्यावी लागतात, जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी. दुसऱ्याचं चिन्ह पडद्यावर कुठे दिसतच नाही, ते मागच्या मागे चालतं. हे ठाऊक नसल्याने माझा अर्धा तास ते शोधण्यात गेला.

आधी ऑपरेटर म्हणजे दाखला काढून देणारा म्हणून माझा आधार क्रमांक, ओटीपी आणि चेहरा. मग आईची माहिती. पीपीओ क्रमांक, म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा नंबर, बाबांच्या लोखंडी पेटीतल्या कागदावर सापडला. तो आणि खाते क्रमांक दोनदा ताडून पाहा. चूक झाली तर दाखला निघूनही पुढे नाकारला जाऊ शकतो. पुनर्विवाह केला आहे का, असाही एक प्रश्न येतो. तो आईला वाचून दाखवताना मला अवघडलं. तिने बाबांच्या फोटोकडे पाहिलं आणि म्हणाली, "नाही लिही."

चेहरा पहिल्या दोन वेळा जुळला नाही. पाठीशी खिडकी होती, म्हणून तोंडावर अंधार. खुर्ची फिरवून उजेड समोरून घेतला, चष्मा काढला. पापण्या मिटायची सूचना आली की मी सांगायचो, "आई, आता." तिसऱ्यांदा चौकट हिरवी झाली आणि थोड्या वेळाने प्रमाण आयडीचा, म्हणजे दाखल्याच्या क्रमांकाचा, मेसेज आला. आईने तो वहीत स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतला.

पण शेजारच्या काकूंचं काय? वय ब्याऐंशी, घरी एकट्या, बटणांचा फोन. ज्यांच्याजवळ स्मार्टफोन हाताळणारं कुणी नाही, त्यांनी हे कसं करायचं? पोस्टमन घरी येऊन दाखला काढून देतो, सत्तर रुपये लागतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. संध्याकाळी त्यांचाही दाखला मी माझ्याच फोनवरून काढला. ऑपरेटरची नोंद एकदा झाली की पुरते. ऐंशी ओलांडलेल्यांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, हेही त्यांना नवीन होतं. पुढच्या वर्षीच्या त्या तारखेवर आईने आत्ताच त्यांचं नाव लिहून ठेवलंय.