देव कुठला घेतलास?

ऑनलाइन खेळात नवं पात्र घडवताना लोक नाकाच्या लांबीवर अर्धा अर्धा तास घालवतात. भुवया किती जाड, गालावरचा व्रण डावीकडे की उजवीकडे, केस राखाडी की जांभळे. आणि पात्राने कुठला देव मानायचा हे निवडायचं पान आलं की जे नाव समोर दिसेल त्यावर टिचकी मारून मोकळे. मला हे कधी पटलं नाही. चेहरा पुढे शिरस्त्राणाखाली झाकलाच जातो. देव मात्र, खेळ मन लावून केलेला असेल तर, शेवटपर्यंत मानगुटीवर बसतो.

मला या नादाला लावलं माझ्या भाच्याने. त्याच्या लेखी हा प्रश्नच नाही. "मामा, आधी बिल्ड, म्हणजे पात्र कशाने आणि कसं लढणार ते, ठरव, मग त्याला सूट होणारा देव घे. त्यात विचार काय करायचा?"

त्याचं अगदीच चुकतं असंही नाही. खेळच तशी सवय लावतात. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स ऑनलाइन' हा २००६ सालचा खेळ घ्या. तो मुळात एबेरॉन नावाच्या जगात घडतो आणि तिथे देव आहेत की नाहीत हेच कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. ते कधी कोणाला भेटत नाहीत, दृष्टान्त देत नाहीत. पंथ मात्र भरपूर, आणि प्रत्येक पंथाचं एक लाडकं शस्त्र. सॉव्हरिन होस्टची लांब तलवार, सिल्व्हर फ्लेमचं धनुष्य, वुल्कूर या विंचूदेवाची आखूड तलवार. लाकूड-लोखंडातून घडवलेल्या वॉरफोर्ज्ड सैनिकांसाठी लॉर्ड ऑफ ब्लेड्स, त्याची दोन्ही हातांनी पेलायची भलीमोठी तलवार. साहजिकच खेळाडू आधी हत्यार निवडतो आणि त्याच्या मागोमाग श्रद्धा येते. धनुष्य हातात बसलं की स्वारी सिल्व्हर फ्लेमची भक्त. यात निवड अशी काही नाही, हिशेब आहे.

काही खेळांत तर हिशेबालाही वाव नसतो. नेटहॅक हा १९८७ पासूनचा खेळ, आजही सार्वजनिक सर्व्हरवर खेळला जातो. तिथे पेशा निवडला की देव आपोआप पदरात पडतो. सामुराई झालात की अमातेरासू ही जपानी सूर्यदेवी. तक्रार चालत नाही. या देवाकडे काय मागावं यापेक्षा कधी मागावं हे कळायला हवं. जीव एक सप्तमांशाच्या खाली गेला किंवा भुकेने पाय लटपटू लागले की प्रार्थना करावी, देव धावून येतो आणि पोट भरून देतो. आपल्याकडे आधी पोटोबा मग विठोबा. इथे पोटोबासाठीच विठोबा. पण एकदा हाक मारली की पुढच्या सुमारे हजार खेळ्या त्याला त्रास द्यायचा नाही, असा जुन्या खेळाडूंचा दंडक आहे. उठसूट देव पाण्यात घालून बसणाऱ्यावर नेटहॅकचा देव चिडतो, आणि चिडला की खेळ आटोपलाच समजा.

१९९९ सालच्या एव्हरक्वेस्टमध्ये देव पात्र घडवतानाच निवडावा लागे, पण सगळ्यांना सगळे देव खुले नव्हते. काळोख्या एल्फांच्या घरात जन्मलात तर इनोरूक, म्हणजे द्वेषाचा देव, ठरलेलाच म्हणायचा. पुढे सरड्यासारखे इक्सार आले, त्यांच्या वाट्याला भयाचा देव काझिक-थूल. हे वाचून माझ्या आईला काहीच नवल वाटलं नाही. "कुलदैवत काय कोणी निवडतं का?" एवढंच म्हणाली आणि भाजी निवडायला लागली.

तिचं बरोबर आहे. आपल्यापैकी बहुतेकांना जेजुरी, तुळजापूर किंवा कोल्हापूर आडनावाबरोबरच मिळतं. पण तिनेच ज्यांच्या गोष्टी सांगितल्या त्या तिच्या आजोबांनी, घरचं दैवत खंडोबा असताना, मध्यम वयात तुळशीची माळ घातली होती. माळ कोणी वारशात देत नाही. ती आपण होऊन घालायची आणि घातली की मटण सुटलं, दारू सुटली, एकादशी लागली. आजोबांना विठोबाने काय दिलं याबद्दल घरात एकही कथा नाही. त्यांनी काय सोडलं याबद्दल मात्र पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या निम्म्या मटणाबद्दल आहेत.

त्यामुळे असेल, खेळातल्या देवांची यादी समोर आली की हा काय देतो याच्या आधी हा काय करू देत नाही, हे मी वाचतो. देणारे सगळे देव सारखेच असतात: थोडी ताकद, थोडं संरक्षण, अडल्यावेळी मदत. स्वभाव कळतो तो पथ्यावरून.

हे ज्याला पुरतं उमगलंय असा एक खेळ आहे, डंजन क्रॉल स्टोन सूप. मूळ खेळ लिन्ली हेन्झेल यांचा, नव्वदच्या दशकातला. २००६ पासून स्वयंसेवकांनी तो पुढे वाढवला. ब्राउझरमध्ये फुकट खेळता येतो आणि आपण खेळत असताना कोणीही येऊन बघत बसू शकतं, बाजूच्या चॅटमध्ये सल्लेही देऊ शकतं. (सल्ले न मागता येतात, हे सांगायला नको.) इथे देव सुरुवातीच्या फॉर्मवर निवडायची सक्ती नाही. आधी तळघरात चालत सुटायचं. चौथ्या ते सातव्या मजल्याच्या दरम्यान कुठेतरी एक मंदिर लागतं, त्यात निरनिराळ्या देवांच्या वेद्या मांडलेल्या. वेदीपाशी जाऊन उभं राहायचं, माहिती वाचायची, पटलं तर नमस्कार, नाही तर पुढची वेदी. वीसहून जास्त देव आहेत, सगळेच एका मंदिरात भेटत नाहीत, आणि तुम्हाला हवा असलेला बहुधा तिथे नसतो.

नवख्यांना सगळे ट्रॉगकडे पाठवतात. ट्रॉग हा संतापाचा देव. तुम्हाला चवताळून लढायची शक्ती देतो, मदतीला गडी पाठवतो, शस्त्रं बक्षीस देतो. अट एकच: मंत्रविद्येला हात लावायचा नाही. ही अट सोपी वाटते, कारण घेताना तुमच्याकडे मंत्र नसतातच. मग दोन मजले खाली उतरल्यावर अग्निमंत्रांची सुरेख पोथी सापडते आणि ट्रॉगची खरी ओळख होते. सोडून जावं म्हटलं तर तो मागे राक्षस सोडतो. भाच्याला ट्रॉग फार आवडतो. पोथ्या त्याला तशाही आवडत नाहीत.

माझा जीव जडला तो चेब्रियाडोसवर. हा संथपणाचा देव. त्याच्या भक्ताची पावलं जड होतात. हात नेहमीच्या वेगाने चालतो, पण चालणं इतरांपेक्षा मंद. वेग वाढवणारं औषध समोर पडलेलं असलं तरी प्यायचं नाही, देवाला खपत नाही. बदल्यात ताकद, बुद्धी, चपळाई तिन्ही वाढवून देतो, आणि आपल्यापेक्षा वेगवान प्राण्याला मारलं की खूश होतो. पुढे एक वरदान असं मिळतं की नजरेच्या टप्प्यात जो जितका घाईत असेल त्याला तितका जबर फटका बसतो. कागदावर वाचताना हे गमतीचं वाटतं. खेळायला लागल्यावर लक्षात येतं की आता पळ काढणं हा पर्यायच उरलेला नाही. कुठलीही लढाई सुरू करायच्या आधी ती कुठे उभं राहून लढायची हे ठरवावं लागतं. जिन्याजवळ राहायचं, दाराच्या चौकटीत उभं राहायचं, येणाऱ्याला येऊ द्यायचं. इतर देवांचे भक्त घेऊन मी वर्षानुवर्षं जे चुकार खेळ खेळलो, म्हणजे डोकावायचं, अंगाशी आलं की पळायचं, ते इथे बंद झाले. देवाने मला काही शिकवलं असं म्हणणार नाही. त्याने फक्त एक दार बंद केलं.

याच्या अगदी उलट झोम. त्याला पथ्य नाही, नियम नाही, नीतीही नाही. तुम्ही त्याचं खेळणं. मर्जी झाली तर भेटवस्तू देईल, मर्जी झाली तर अंगावर राक्षस सोडेल. आणि त्याला कंटाळा आला तर सगळ्यात वाईट. झोमचे भक्त मजेदार किस्से सांगतात, पण मला त्याच्यात देव कधी दिसला नाही. ज्याच्यासाठी काहीच सोडावं लागत नाही तो फार तर हवामान म्हणायचा. गोझाग हा सोन्याचा देव तरी व्यवहाराला पक्का: मारलेल्याचं प्रेत सोन्याचं होतं, आणि ते सोनं मोजून दिलं की खालच्या भागातल्या शत्रूंना लाचसुद्धा चारता येते. ही सोय वाचून भाचा म्हणाला, "हा बघ, प्रॅक्टिकल देव."

याच खेळात डेमीगॉड नावाचा वंश आहे. अंगचे गुण भरपूर, पण कुठल्याही वेदीपुढे झुकता येत नाही. स्वतःच अर्धा देव, दुसऱ्याला काय मानणार? सगळी मंदिरं त्याला नुसती दगडाची.

पण ही सगळी पथ्यं खेळच पाळून घेतो. नियम मोडला की शिक्षा ठरलेली. जिथे देव निवडल्याने आकड्यांत कणभरही फरक पडत नाही तिथे काय? 'नेव्हरविंटर' या २०१३ च्या खेळात देव निवडायचा आणि अधूनमधून शेकोटीजवळ गुडघे टेकून त्याचं आवाहन करायचं. बक्षीस सगळ्यांना सारखंच, देव कुठलाही असो. बहुतेकांनी त्यात मन घातलं नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही.

२०२३ च्या बाल्डर्स गेट ३ मध्ये क्लेरिकला, म्हणजे देवाच्या जोरावर मंत्र टाकणाऱ्या पुजाऱ्याला, देव निवडावा लागतो. त्याने मिळतात ती अधूनमधून बोलायची काही खास वाक्यं, क्वचित एखाद्याचा राग. सेलूने देवीचा क्लेरिक घेतला तर खेळातली सोबतीण शॅडोहार्ट, जी सेलूनेच्या वैरिणीची, शारची भक्त आहे, तुमच्याकडे वाकड्या नजरेने बघते. चौघांना मिळून ऑनलाइन खेळता येतो, तसा आम्ही खेळायला बसलो आणि मी इल्मेटर घेतला. लाल दोरीने बांधलेले दोन पांढरे हात ही त्याची खूण. दुसऱ्याचं दुःख आपल्या अंगावर घेणारा देव. "याने काय मिळतं?" भाच्याने विचारलं. काहीच नाही. "मग?"

तर गॉब्लिनांच्या छावणीत अब्दिराक नावाचा एक इसम भेटतो. हा लोव्हियाटारचा भक्त. लोव्हियाटार ही वेदनेची देवी, इल्मेटरची हाडवैरी. अब्दिराक म्हणतो, भिंतीकडे तोंड करून उभे राहा, फटके खा, नीट कळवळलात तर देवीचा आशीर्वाद मिळेल. भाच्याच्या पात्राने फटके खाल्ले, आशीर्वाद खिशात घातला. दुसऱ्याने खाल्ले. मग सगळे माझ्याकडे बघू लागले. "मामा, फुकटचा बोनस आहे, चार फटके खाऊन घे ना." खेळ मला अडवत नव्हता. इल्मेटर कोपला नसता, माझा एक गुणही कमी झाला नसता. तरी माझा क्लेरिक त्या भिंतीपाशी गेला नाही. ते आशीर्वादवाले दोघे पुढच्या लढाईत आडवे पडले, आणि त्यांना उठवायला मीच होतो, हे जाता जाता सांगून ठेवतो.

या खेळांची एक गोष्ट मात्र मला अजून खटकते. देव एकच निवडायचा. बाल्डर्स गेट आणि नेव्हरविंटर ज्या फेरूनच्या भूमीत घडतात तिथला साधा माणूस असा वागत नाही. त्याचा एक खास देव असतो खरा, पण तो जुगाराला बसताना नशिबाच्या देवीचं, टायमोराचं नाव घेतो, आणि समुद्रात शिरण्याआधी अंबरलीला काहीतरी वाहतो, कारण ती बुडवते. कोळीवाड्यातल्या माणसाला नारळी पौर्णिमेनंतर हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. देव्हाऱ्यात दाटीवाटीने बसलेल्या मंडळींची सवय असलेल्या आपल्याला पात्र घडवण्याच्या पानावरचा तो एकच रकाना अपुरा वाटतो. आणि कोणालाच न मानण्याची सोयही तिथे महाग आहे: फेरूनच्या कथेत कुठल्याच देवाला न मानता मेलेल्यांचे आत्मे मृतांच्या नगरीच्या भिंतीत चिणले जातात. एव्हरक्वेस्टमध्ये निदान अज्ञेयवादी असा पर्याय होता.

मग आपलेच देव यादीत असते तर? तसंही झालंय. टेबलाभोवती बसून खेळायच्या मूळ डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या १९८० सालच्या देवतांच्या पुस्तकात इंद्र, अग्नी, वरुण, यम, विष्णू, काली आहेत, प्रत्येकापुढे त्याच्या जिवाचा आकडा दिलेला. म्हणजे पुरेसे घाव घातले की यम मरतो. मला राग नाही आला, हसू आलं. पण त्या यादीतून देव निवड म्हटलं तर माझा हात चालणार नाही. तिथे मला पथ्यं आधीच ठाऊक आहेत, आणि ती मी घरी तरी कुठे पाळतो?

सध्या मी स्टोन सूपमध्ये रू नावाच्या देवाकडे आलोय. हा काही न मागता काहीच देत नाही. थोड्या थोड्या वेळाने तीन त्याग समोर ठेवतो. त्यातला एक करायचा किंवा तिन्ही नाकारायचे. केलेला त्याग कायमचा. हात दिला तर ढाल गेली. परवा त्याने विचारलं: डोळा, प्रेम की शब्द? डोळा दिला तर नेम चुकतो. प्रेम दिलं तर जगातला प्रत्येक प्राणी शत्रू होतो. शब्द दिले तर संकटात असताना मंत्रपट वाचता येत नाहीत. मी विचार करत बसलो होतो. भाचा बघत होता हे मला माहीत नव्हतं. चॅटमध्ये त्याची ओळ उमटली:

"मामा, शब्द देऊन टाक. आमच्यासाठी."