आज घाटावर

मामेभाऊ पुण्याहून आलाय. सकाळी मेणवलीच्या घाटावर बसल्या बसल्या त्यानं विचारलं, "दादा, गाव सोडावंसं कधी वाटलंच नाही का रे?"

वाटलं होतं एकदा. बारावीनंतर बॅग भरली, आजी आजारी पडली, आणि राहिलो तो राहिलोच.

मेणेश्वराजवळची ती पोर्तुगीज घंटा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तेव्हाची. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. आजी लहानपणी तिलाही हात जोडायला लावायची. म्हणायची, "आईच की ती."

कृष्णेचं पाणी ओसरलं की खालच्या पायऱ्या शेवाळानं हिरव्यागार होतात. कुठली निसरडी, कुठली हलते, हे माझ्या पायांना अंधारातही कळतं. फार जीव आहे माझा या घाटावर.

भावानं चपला काढून पाण्यात पाय सोडले. बराच वेळ उठलोच नाही आम्ही.