विडीने जळलेलं गवत असं दिसत नाही

बाणेरच्या एका रो-हाउसमधून फोटो आला. लॉनवर हातभर लांब डाग, आणि खाली प्रश्न : पॅच मारायचे किती घ्याल? कृत्रिम गवताच्या दुरुस्तीत असे फोटो नेहमीचेच. पण पुढची हकिगत ऐकून मी दर सांगायच्या आधी जागा बघायची ठरवली. दिवाळीनंतर डाग दिसला, माळीकाका विडी ओढतात म्हणून आळ त्यांच्यावर गेला. त्यांना कामावरून काढलं, नोव्हेंबरचा पगार नुकसानभरपाई म्हणून ठेवून घेतला. एका ठेकेदाराने पॅच मारला. आणि डिसेंबरात त्याच जागी तो नवा पॅचही जळला. माळीकाका तर तोवर फाटकातही पाऊल टाकत नव्हते! घरमालकीण मॅडमचं म्हणणं, पॅचचा माल हलका निघाला.

गुडघे टेकून पाहिलं. विडीने गवताला गोल भोक पडतं आणि कडेला काळा, टणक मणी होतो. फटाक्याची काजळी बॅकिंगपर्यंत, म्हणजे पाती ज्यात ओवलेली असतात त्या खालच्या थरापर्यंत, उतरते. गरम भांडं ठेवलं तर त्याची कड स्पष्ट उमटते. इथे काळं काहीच नव्हतं. पात्यांची टोकं आक्रसून एकमेकांना चिकटलेली, बुडातली तपकिरी कुरळी लव मात्र जवळजवळ शाबूत. डागाला ठाम कडा नाही आणि तो पूर्व-पश्चिम लांबलेला. उष्णता वरून आली होती, आणि सरकत सरकत आली होती.

मी मान वर केली. लॉनच्या उत्तरेला शेजाऱ्यांचं घर, पहिल्या मजल्यावर दक्षिणेकडे तोंड असलेली मोठी खिडकी, काच कोरी करकरीत. हायवेचा आवाज नको म्हणून दसऱ्याच्या सुमारास दुहेरी काच बसवल्याचं मॅडमच म्हणाल्या.

बाराच्या आधीपासून आम्ही दोघं तिथे उभे राहिलो. लॉनवर एक लखलखीत पट्टा उतरला आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे, म्हणजे सूर्याच्या उलट दिशेने, सरकू लागला. टेंपरेचर गनने साध्या उन्हातलं गवत 52 अंश दाखवलं, पट्ट्यात 97. हे गवत पॉलिइथिलीनचं असतं. ते वितळतं 110 ते 130 अंशांच्या दरम्यान, पण मऊ पडून आक्रसायला शंभरीच्या आसपासची उष्णता पुरते. मॅडमना हात धरायला सांगितला, त्यांनी चटकन मागे घेतला.

दुहेरी काचेच्या मधली हवा बंद असते. थंडीत ती आकुंचन पावते, काच किंचित आत ओढली जाते आणि खिडकीचा अंतर्गोल आरसा होतो. 2013 साली लंडनमध्ये 20 फेंचर्च स्ट्रीट या इमारतीच्या आत वळलेल्या काचेच्या दर्शनी भागाने खाली उभ्या जॅग्वार गाडीचे भाग वितळवले होते, तोच प्रकार. आणि दिवाळीनंतरच का? मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत पुण्यात भर दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला असतो, दक्षिणेकडच्या काचेवर तो पडतच नाही. डिसेंबरात तो दक्षिणेला झुकून 48 अंशांवर येतो, आणि तितक्याच कोनात काचेवरून खाली लॉनवर उतरतो.

शेजारचे काका सज्जन निघाले. त्यांनी वर बोलावलं, मी पट्टा दाखवला. काच बदलायची गरज नव्हती. मच्छरजाळी आतून होती, ती काचेच्या बाहेरून लावायला सांगितली. जाळीने ऊन विखुरतं. दोन दिवसांत त्यांनी स्वतःच्या पैशाने लावून घेतली. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला गन 56 च्या वर गेली नाही. तेव्हाच मी कटर हातात घेतला.

आधीच्या ठेकेदाराचं काम बघून जीव जळला. पॅचच्या पात्यांचा कल उलटा, म्हणून फाटकातून पाहिलं की तो तुकडा गडद दिसायचा. जोडाखाली टेप नाही, नुसता ग्लूगनचा गोंद, तोही पात्यांवर चढलेला. गवत उलटं करून मागून कापायचं असतं, टाक्यांच्या दोन ओळींच्या मधून, ओळ न तोडता. नवा तुकडा नव्या रोलमधून घेतला तर रंग कधीच जुळत नाही, कारण जुनं गवत उन्हाने फिकटलेलं असतं. मी एसीच्या बाहेरच्या युनिटमागचा तुकडा काढून मध्ये बसवला आणि नवा त्या आडोशाला लावला. जोडाखाली टेप, त्यावर पीयू (पॉलियुरेथेन) गोंद, कडा दाबताना एकही पातं खाली अडकू द्यायचं नाही, मग वाळूच्या पिशव्यांचं वजन रात्रभर. सकाळी सिलिका वाळू भरली आणि पात्यांच्या कलाविरुद्ध ब्रश मारला. जोड कुठे आहे ते मॅडमना सापडलं नाही.

‘लावा आणि विसरून जा’ म्हणून गवत विकणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. समोर काच कुठली, ऊन कुठून येतं, हे माप घेतानाच बघायला पाच मिनिटं लागतात. ती कोणी देत नाही, आणि मग भुर्दंड सगळ्यात गरीब माणसाला पडतो.

बिलावर मी ठळक लिहिलं : ‘कारण – शेजारच्या काचेवरून परावर्तित झालेलं ऊन. आगीची कोणतीही खूण नाही.’ खाली सही केली आणि मॅडमना म्हटलं, माळीकाकांचा पगार द्या. त्यांनी दिला, हे माळीकाकांनीच फोन करून सांगितलं. पण त्याच गल्लीतल्या आणखी तीन घरांनी त्यांना बंद केलंय. विडीची गोष्ट तिथे पोचली होती, काचेची पोचली नाही. मॅडमनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकावा म्हणून गनचा आणि पट्ट्याचा फोटो मी त्यांना दोनदा पाठवलाय. ‘बघते’ म्हणाल्या. अजून टाकलेला नाही. उद्या त्या तीन घरांची बेल मी स्वतःच वाजवणार आहे.