कूलरसमोरचे झिंगे

पहिले दहा चेरी श्रिंप घरी आणले तेव्हा आईनं पिशवीत डोकावून विचारलं, "एवढ्याशा झिंग्यांत भाजी तरी होते का बाप्पा?" पाळायला आणलेत म्हटल्यावर तिनं माझ्याकडे जे पाहिलं, ते सांगण्यासारखं नाही.

महिनाभरानं एका मादीच्या पोटाखाली पिवळसर दाणे दिसले. पंचवीस-एक असतील. पोटाखालच्या इवल्या वल्ह्यांनी ती त्यांना सारखा वारा घालत होती. खाताना, चालताना, मॉसवर बसल्या बसल्यासुद्धा. तीनेक आठवड्यांनी काचेवर दोन मिलिमीटरची पारदर्शक पिल्लं फिरू लागली. मधली अळीबिळीची अवस्था नाही, थेट आईबापाची छोटी प्रत.

पुढे आईलाही गोडी लागली, आणि तिथंच घोळ होता. रात्रभर तांब्याच्या कळशीत ठेवलेलं पाणी प्रकृतीला चांगलं, म्हणून एका सकाळी ती लोटा घेऊन टाकीवर उभी! ऐनवेळी हात धरला. या जिवांच्या रक्तातच तांबं असतं, पण पाण्यात थोडं जास्त झालं की जीव जातो. "असं कसं?" ती म्हणाली. तिचंही बरोबरच होतं.

खरी परीक्षा उन्हाळ्याची. चेरीला चोवीस-पंचवीस अंश मानवतात आणि आपलं नागपूर मे महिन्यात पंचेचाळीसला टेकतं. पाणी तापलं की त्यातला प्राणवायूही कमी होतो. मग टाकीचं झाकण काढून ती हॉलमध्ये कूलरच्या झोतात मांडली. आपली हवा कोरडी, त्यामुळे पाणी भराभर उडतं आणि उडता उडता गार होतं. काटा एकतीसवरून सत्तावीसवर आला. पण रोज दोन बोटं पाणी कमी व्हायचं आणि मी नळाचं ओतत राहिलो. पाणी उडतं, क्षार मात्र मागेच राहतात, हे पाच-सहा श्रिंप अर्धवट कात टाकून मेल्यावर डोक्यात शिरलं. आता भर घालतो ती आरओच्या पाण्याची.

नवतपात एका दुपारी वीज गेली. मी बर्फाची बाटली शोधत फ्रीज उपसत होतो. हॉलमध्ये आलो तर आई टाकीशेजारी स्टूल ओढून बसलेली, हातात जुना वाळ्याचा पंखा.

"त्या पोटुशीला आधी पाहा," म्हणाली, "कोपऱ्यात गेली ती."